जकात भरा, मग भिजा

हिमनदीचं सरोवर बघायचं तर काश्मीर-लडाखची तिकिटं काढावी लागतात; जुन्नर-आंबेगावात बर्फ फक्त उसाच्या रसात सापडतो. पण जुन्नरहून घाटघर गाठून नाणेघाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात उभं राहिलं, की हिमालयातही सहसा न दिसणारी गोष्ट दिसते. कोकणातून सुटलेला वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि दरीत उडी मारणाऱ्या पाण्याला मानगूट धरून माथ्यावर परत आणतो. शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं खरं, पण पर्यटनाची पक्की व्यवस्था इथे आधीपासूनच आहे. सातवाहनकाळच्या जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण! माझं म्हणणं एवढंच, की ती जकात पुन्हा सुरू करावी.

पुरावा शेजारच्या लेण्यातच आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखात यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे: हजारो गाई, हजारो कार्षापण नाणी. म्हणजे भिंतीवर लिहायचा दर तेव्हाच ठरला होता. आजचा प्रेमवीर एक शेळीही न देता खिळ्याने बदाम कोरून जातो. दरीत भिरकावलेलं वेफर्सचं पाकीट वारा मालकाच्या तोंडावर परत आणतो, पण ही वसुली वाऱ्याच्या मर्जीवर. आणि ज्या तलावांपुढे ‘अगदी स्वित्झर्लंड’ म्हणत सेल्फी निघतात, ती माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे ही पाटबंधारे खात्याची धरणं. डिंभ्याच्या पाण्यात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव त्याचं, कचेरी घोडेगावला. ही धरणं ज्यात येतात त्या कुकडी प्रकल्पाचं पाणी श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. या देखाव्यासाठी कुणी घरदार दिलंय. बघणारा तेवढा फुकट.

कुणी म्हणेल, निसर्ग सगळ्यांचा आहे. कबूल, मग बाटल्याही सगळ्यांच्या समजून उचलाव्यात. दुसरा म्हणेल, टोल म्हटला की पैसे जातात आणि खड्डे राहतात. शंका रास्त आहे, पण रांजण उघड्यावर असतो. आत काय पडलं ते येणाराजाणारा वाकून बघू शकतो. तिसरा गरिबाची बाजू घेईल. म्हणून जकात नाण्यात नकोच. आणलेला केर आपल्याच पिशवीतून परत न्यायचा आणि वाटेतल्या गावात पिठलं-भाकरी खाऊन घासाघीस न करता पैसे द्यायचे. सातवाहनकाळचा व्यापारी माल घेऊन अख्खा घाट चढायचा आणि वर जकात भरायचा. गाडीतून उतरून भिजणाऱ्याला दोन भाकरी जड व्हायला नकोत.