चावी फ्रिजमध्ये आहे

प्रत्येक मित्रमंडळात एक शॉर्टफिल्मवाला असतोच. खूण सोपी : तो तुमच्याशी बोलताना तुमच्या मागच्या भिंतीकडे बघतो. “लाइट काय सुंदर पडतोय इथे!” म्हणाला की समजावं, येत्या रविवारी आपलं घर गेलं.

आमचा महाभाग 48 तासांत फिल्म करायच्या स्पर्धेत उतरला. 2001 साली वॉशिंग्टनमध्ये निघालेलं हे खूळ आता गावोगाव पोचलंय. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी उचलायची, तीत फिल्मचा प्रकार. शिवाय एक पात्र, एक वस्तू, एक संवाद ठरवून दिलेला. 4 ते 7 मिनिटांची फिल्म रविवारी संध्याकाळी हजर करायची. याच्या डोक्यात थ्रिलर. चिठ्ठीत निघाली कॉमेडी. त्यानंतर तो हसलेला नाही.

बजेटचं विचारलं की तो थेट फाळक्यांवर जातो. “दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली! ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती कोणी केली? हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांनी!” 1913च्या या दाखल्यापायी माझी मिशी गेली. “सरस्वतीबाई अख्ख्या युनिटला रांधून घालायच्या,” हे मात्र तो आईला ऐकवतो. काकू पोह्यांना फोडणी देता देता म्हणाल्या, “ती त्यांची बायको होती रे. तू आधी बायको आण.”

शूटिंग मोबाइलवर, रिफ्लेक्टर थर्मोकोलचा, माइक झाडूच्या दांड्याला. सहा टेकमध्ये नायकाने सहा वडापाव खाल्ले. सातव्याला वडापावही उरला नाही आणि नायकही.

आवाजात घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला. तो चालू करायला विसरू नये म्हणून स्कूटरची चावी आत ठेवली. ही या धंद्यातली जुनी युक्ती. चावीशिवाय घरी जाताच येत नाही. मग फर्मान सुटलं : “तीस सेकंद कोणी हलायचं नाही, शांतता रेकॉर्ड करायचीय!” आमचे दगड झाले. एकोणतिसाव्या सेकंदाला शेजारच्या कुकरने शिट्टी मारली.

युक्तीत खोट एकच होती. शूटिंग त्याच्याच घरी होतं, त्याला जायचं कुठेच नव्हतं.

रविवारी पावणेसात. एडिटिंग कसंबसं संपलं, पेनड्राइव्ह हातात आणि चावी गायब. गाद्या उलटल्या, चपला झटकल्या, माझा खिसा दोनदा तपासला. एवढ्यात चहाला दूध काढायला काकूंनी फ्रिज उघडला. नासलेल्या दुधाच्या पातेल्यावर, झाकणाच्या मधोमध, चावी.

“दोन लिटर दूध गेलं माझं! आणि या चावीला काय उकडत होतं रे?”

48 तासांत पहिल्यांदाच सगळं युनिट पोट धरून हसलं. तो एकटा गंभीर.

“कोणी शूट केलं का हे?”

कोणीच केलं नव्हतं. घड्याळात सात वाजत होते. तो काकूंच्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाला, “आई, तेच परत म्हण ना. फक्त जरा डावीकडे सरक, तिथे लाइट सुंदर पडतोय.”