आतून गेलंय!

वडूजमध्ये ज्यांच्याकडे जुनी मोटारसायकल आहे, त्यांना आबा सांगायला नकोत. चहाला थांबून गाडी स्टँडवर लावेपर्यंत आबांची टिचकी सायलेन्सरवर पडलेली असते. कान तिरपा, डोळे मिटलेले, आणि निकाल: "आतून गेलंय."

पुतणीच्या बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या ट्रेला टिचकी मारून ते हेच म्हणाले. मुलाकडची मंडळी चमकली. प्रचाराला आलेल्या उमेदवाराच्या बंपरवर टिचकी वाजली, तेव्हा मात्र सगळ्या पाराला पटलं. बंपर नवा कोरा होता.

खटाव तालुका दुष्काळी. येरळेत पाण्यापेक्षा वाळू जास्त. इथं माणसांची पाण्याची मारामार, लोखंडाला गंजायला कुठून मिळणार? पण आबांना गंज स्वप्नातही दिसतो. दारात येझदी आहे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला. उरलेलं काम आपल्यावर सोपवून गेला, अशी त्यांची समजूत.

"क्रोमला पॉलिश पेपर लावतोस? कोयताच लाव की मग!" क्रोमचा थर मायक्रॉनभरही नसतो, खाली निकेल, त्याखाली लोखंड. क्रोमच्या बारीक भेगांतून ओल शिरते, निकेलही उघडं पडलं की लोखंडाचं काही खरं नाही. म्हणून आबा चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून मडगार्डवर घासतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, चरा पडत नाही. तांबूस काळपट लगदा सुटतो, तो पुसायचा, वर मेणाचा हात फिरवायचा. चेसीला वायरब्रश मारून रेड ऑक्साईड. नातवाचा डबा मात्र वर्तमानपत्रात जातो, आणि सूनबाई भांडी जरा जोरातच आपटतात.

एवढं करून गाडी चालवायची नाही! खडी उडते, चिखल लागतो. पुसेगावच्या यात्रेला आबा एसटीनं जातात.

वैताग येतो, पण पुरता रागही धरवत नाही. या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, त्यांत आबाही होते. उमेदीची वर्षं कोइमतूरला गेली. भट्टी, मूस, नायट्रिक ॲसिडचा तांबडा धूर. लोकांच्या सोन्यातला मळ काढायचा आणि सोनं मोजून त्यांच्या हवाली करायचं. त्या कमाईतून ही येझदी आली. हाताखालून गेलेल्या सगळ्या धातूंत घरी राहिला तो एवढाच.

परवा पुण्याचा एक शौकीन गाडी मागायला आला. भाव पाडायचा म्हणून त्यानं टाकीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "आतून गेलीय वाटतं."

पार गार पडला. आबा उठले. येझदीचा गिअर आणि किक एकाच दांड्यावर. तो दांडा वर वळवला, एकच किक मारली आणि पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर धूर सोडत दहिवडी रोडला लागले. मोटारसायकलवर बसलेले आबा आम्ही प्रथमच पाहत होतो. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. शेवटी सूनबाईंनी पोरं पाठवली, तर आबा गाडी ढकलत येताना भेटले. टाकीत गंज धरू नये म्हणून आतून तेलाचा हात दिला होता. पेट्रोल घालायचं तेवढं राहिलं होतं.