हवा कमी आहे

नेपरव्हिल, इलिनॉय

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गाडीला नक्की झालंय काय, असं तुम्ही फोनवर विचारता; मी सांगायला तोंड उघडलं की आई फोन ओढून घेते. तिची बाजू तुम्हाला पाठ झाली असेल: दृष्ट लागली. आता माझी बाजू सविस्तर लिहिते. पत्र ओढून घेता येत नाही.

नरकचतुर्दशीला आईनं सगळ्यांना पहाटे उठवून उटणं चोळलं. बाहेर उणे चार-पाच. कारीट इथं कुठलं मिळायला! नातवानं फ्रीजमधला चेरी टोमॅटो पायाखाली चिरडला आणि ‘गोविंदा’ म्हणून मोकळा झाला. सुट्टी कुणालाच नव्हती. फराळ करून तुमचे जावई गाडीत बसले, गाडी सुरू केली, आणि समोर पिवळा दिवा. टायरचा उभा छेद आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. आईला ती कढई वाटली. “आत काहीतरी करपतंय बघा,” असं तिनं जावईबापूंना खिडकीतून सांगितलं. हवा कमी असल्याची खूण आहे हे कळल्यावर मात्र तिनं लगेच निकाल दिला: दसऱ्याला पूजा घाईत उरकली, शेजारी काय म्हणतील म्हणून नारळ फोडू दिला नाही, त्याचं हे. मग मीठमोहऱ्या आल्या आणि बॉनेटवरून ओवाळल्या गेल्या.

आणि बाबा, ऑफिस यायच्या आत दिवा गेला! जावईबापूंनी भोळेपणानं फोन करून ते सांगितलंही. त्या दिवशी आईचा रुबाब काय वर्णावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पुन्हा हजर. आई जराही डगमगली नाही. “खडेमीठ कुठं होतं? टेबलावरचं बारीक होतं ना,” म्हणाली.

खरं कारण तुम्हाला चटकन पटेल. थंडीत हवा आकसते. साडेपाच अंश सेल्सिअसनं पारा उतरला की टायरमधली हवा साधारण एक पौंडानं उतरते. आम्ही हवा भरली होती ऑगस्टच्या उन्हात. तेव्हापासून पारा तीस-पस्तीस अंशांनी घसरला, शिवाय महिन्याला पौंडभर हवा रबरातून आपोआप झिरपतेच. गाडी चालली की टायर तापतात, हवा फुगते, दिवा जातो. रात्रभर गारठले की परत येतो. मीठमोहऱ्यांच्या वाट्याला श्रेय आलं ते एवढंच.

हा दिवा ऐच्छिक नाही बरं का, कायद्यानं लावलाय. फायरस्टोनचे टायर फुटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटल्या, दोनशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा 2000 साली इथल्या काँग्रेसनं कायदा केला. सप्टेंबर 2007 पासून नव्या प्रत्येक मोटारीत ही यंत्रणा असतेच. ठरलेल्या आकड्यापेक्षा हवा पंचवीस टक्के खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे. तुम्ही स्टँडवरच्या स्कूटरचं चाक अंगठ्यानं दाबून सांगायचात तसं इथं चालत नाही. रेडियल टायर थोडा फुगलेला पोटाशी दिसतोच, त्यामुळे नुसत्या नजरेला पाच-सात पौंडांचा फरक कळत नाही.

शनिवारी सगळा लवाजमा पेट्रोल पंपावर. हवेच्या यंत्राला दोन डॉलर द्यायचे आणि ते थांबायच्या आत चारी चाकं उरकायची. बोटं इतकी बधिर की व्हॉल्व्हचं टोपण सुटलं आणि गडगडत गाडीखाली गेलं. नातू पोटावर झोपून ते शोधतोय, यंत्र घरघरतंय, पैसे चाललेत, आणि जावईबापू मोबाइलच्या उजेडात टायरच्या कडेवरचे आकडे वाचतायत. तिथं 51 असं कोरलेलं. ते भरायलाच निघाले होते! आई मागच्या सीटवरून उतरून पुढं आली, चालकाच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर चष्मा टेकवला आणि म्हणाली, “अहो, इथं 33 लिहिलंय.” कडेवरचा आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसेल तो, गाडीला किती हवी ते दारात लिहिलेलं असतं, आणि तेही थंड टायरचं माप. एरवी ज्या बाईला टीव्हीचा रिमोट सापडत नाही!

हवा भरली, तरी दिवा जाईना. जावईबापू रीसेटचं बटण शोधत डॅशबोर्डखाली वाकले. पण या गाडीला बटणच नाही. चाकात व्हॉल्व्हच्या बुडाशी बोटभर सेन्सर असतो, तो रेडिओवरून आकडा कळवतो; आणि उभ्या गाडीत तो झोपलेला असतो. चाक जरा वेगानं फिरलं की जागा होतो. म्हणून थोडं फिरून आलो. तीन चाकांचे आकडे आले, चौथ्याचा नाही. आता दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्थिर व्हायचा. म्हणजे हवा ठीक, सेन्सरच गेला. त्याची बॅटरी आत सीलबंद; ती संपली की अख्खा सेन्सर बदलायचा, त्यासाठी टायर रिमवरून उतरवायचा. दहा वर्षं म्हातारी गाडी, बॅटरीनं तरी किती दम धरावा.

टायरवाल्याकडे जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. नवा सेन्सर बसवला की कोणतं चाक कुठलं हे गाडीला नव्यानं शिकवावं लागतं. पोरगा हातात छोटं यंत्र घेऊन निघाला. पुढचं डावं चाक: यंत्र व्हॉल्व्हजवळ धरलं, गाडीनं स्वतःच हॉर्न दिला. मग पुढचं उजवं, हॉर्न. मागचं उजवं, हॉर्न. मागचं डावं. आई खुर्चीवरून उठून उभी राहिली. “अगं, प्रदक्षिणा घालतोय की! गाडी उजव्या हाताला ठेवून!” आणि खरंच तोच क्रम ठरलेला आहे, दुसऱ्या क्रमानं गेलं तर चाकांची अदलाबदल होते आणि गाडी चुकीच्या चाकाचं नाव सांगते. आईनं त्या पोराला पर्समधली अनारशाची पुडी काढून दिली. त्यानं ती हुंगली आणि तिथंच खाल्ली.

आमची दुसरी गाडी फारच भाबडी. तिच्या चाकात सेन्सर नाहीतच. ब्रेकच्या यंत्रणेला प्रत्येक चाकाचा वेग कळत असतो. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून बाकीच्यांपेक्षा भरभर फिरतं, त्यावरून ती अंदाज बांधते. हिला मात्र रीसेट आहे. पण बटण दाबणं म्हणजे ‘आत्ता आहे ते बरोबर’ असं तिला सांगणं. मग थोडा वेळ चालवलं की ती तेच मनावर घेते. जावईबापूंनी गेल्या वर्षी हवा न भरताच बटण दाबलं होतं. गाडीनं विश्वास ठेवला आणि हिवाळाभर चकार शब्द काढला नाही. यावर आई म्हणाली, “माझ्यासारखीच आहे बिचारी.” जावईबापू खाली बघून चकली खात राहिले.

बाकी सर्व क्षेम. नातू आता शेजारपाजारच्या गाड्यांच्या दारांत डोकावून आकडे वाचत फिरतो, त्याला आवरणं चाललंय. आईला दोन ओळी लिहायच्यात, पेन देते.

तुमची,
मनी

ता. क. — अहो, वॅगनआर दसऱ्यापासून जागची हलली नाही हे मला वहिनींकडून कळलं. पंपावर जाऊन हवा भरून घ्या, तिथं फुकट आहे. पोरगा म्हणेल पस्तीस टाकतो. त्याचं ऐकू नका, दारातला कागद दाखवा. आणि गॅस बंद करून मग दार लावा.