छाती फुगवा, कागद दाखवा

कळवण तालुक्यात माणसाला करण्याजोगे व्यवसाय मोजके आहेत. कांदा पिकवणं, कांदा विकत घेणं, कांद्याच्या भावावर बोलणं आणि पोलीस भरती करणं. पहिल्या तिन्हींचं काही खरं नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून चौथ्याकडे ओढा वाढला आहे. पाहुणे आले, पोरगा काय करतो म्हणून विचारलं, की आई चहाचा कप पुढे करत सांगते, "भरती करतो." पाहुणे समजूतदारपणे मान हलवतात. त्यांच्याही घरी एक असतो.

पहाटे पाचला देवळ्याच्या रस्त्यावर उभं राहिलात तर हा व्यवसाय चालू असलेला दिसेल. एका बाजूनं बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूनं तोंडातून वाफ सोडत धावणारी पोरं. हल्ली पोरीही असतात आणि त्यांच्यामागे स्कूटीवर हेडलाइट लावून बाप किंवा भाऊ असतो, म्हणजे भावी पोलिसाला संरक्षण. कुत्री मात्र निःपक्षपाती, ती दोघांच्याही मागे लागतात. अभोण्याची, कनाशीची, मोकभणगीची पोरं आपापल्या रस्त्यांवर हेच करत असतात. ज्यांना दम वाढवायचा असतो ती नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढतात. देवीला जाणारे नवस बोलतात आणि ही पोरं मिनिटं मोजतात.

मिनिटं किती? पाच मिनिटं आणि दहा सेकंद. सोळाशे मीटर एवढ्यात मारले की वीसपैकी वीस. मुलींना आठशे मीटरसाठी दोन मिनिटं पन्नास सेकंद. मुलांनी शंभर मीटर साडेअकरा सेकंदांत धावलं तर पंधरा, सव्वासात किलोचा गोळा साडेआठ मीटरवर टाकला तर पंधरा. असं पन्नास गुणांचं ग्राउंड. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच जास्त. ज्या नाशिक जिल्ह्यानं राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवणारी 'सावरपाडा एक्सप्रेस' कविता राऊत दिली, त्या जिल्ह्यातल्या पोरांना धावण्याचं भय नाही. त्यांचा दम लागतो तो बसल्या जागी, फॉर्म भरताना.

कारण या भरतीतली सर्वांत लांब शर्यत ग्राउंडवर होत नाही. ती झेरॉक्सच्या दुकानापासून सुरू होते. जाहिरात सुटली की पहिले चार दिवस संकेतस्थळ उघडत नाही, कारण सगळे उघडतात. मधले दिवस ते हळू चालतं, आणि शेवटचे चार दिवस पुन्हा उघडत नाही, कारण मधल्या दिवसांत ज्यांचं झालं नाही ते सगळे पुन्हा येतात. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची. सही मोठी झाली तर चालत नाही, फोटो लहान झाला तर चेहरा ओळखू येत नाही. त्यावर ई-सेवा केंद्रातला दादा शांतपणे म्हणतो, "चेहऱ्याचं काय करायचंय, फॉर्म सबमिट झाला ना?" हा दादा एकेकाळचा भरतीवालाच. दोनदा वेटिंगला राहिला, मग त्यानं संगणक घेतला. आज तो लागलेल्यांपेक्षा बरा कमावतो असं गावात बोललं जातं. खरं असावं, कारण त्याच्याकडे पंखा आहे.

फीचं सांगायचं तर खुल्या वर्गाला साडेचारशे, मागासवर्गीयांना साडेतीनशे. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजारांवर. एका जागेमागे शंभराहून जास्त. सगळ्यांनी सवलतीचेच साडेतीनशे भरले असं उदार मनानं धरलं, तरी बासष्ट कोटी रुपये जमतात. या राज्यात हमीभावाशिवाय एवढं खात्रीचं उत्पन्न देणारं दुसरं पीक नाही. कांद्यालासुद्धा जमलं नाही ते बेरोजगारीनं करून दाखवलं.

आता कागद. कळवण तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात येतो. इथला कोकणा, भिल्ल, महादेव कोळी आदिवासी आहे हे सरकारला इतकं मान्य आहे की त्याच्यासाठी प्रकल्प कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, विधानसभेची जागासुद्धा राखीव आहे. फक्त तो स्वतः आदिवासी आहे हे त्याला वेगळं सिद्ध करावं लागतं. जातीचा दाखला असून भागत नाही, वैधता लागते. वैधतेसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा. शाळेच्या दाखल्यावर, महसुलाच्या नोंदीत, कुठेतरी जमातीचं नाव हवं. आजोबा शाळेत गेले नव्हते. का गेले नव्हते? कारण ते आदिवासी होते आणि डोंगरात शाळा नव्हती. पण शाळेत गेले नव्हते म्हणून ते आदिवासी होते याला पुरावा नाही. हा युक्तिवाद मी एका वकिलाला समजावून सांगितला. तो म्हणाला, बरोबर आहे, म्हणून तर अपील करता येतं.

पुराव्यानं भागलं नाही तर आप्तभाव तपासतात. तुमचे देव कोणते, लग्न कसं लावता, मयताला काय करता. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या पुढे रात्र रात्र नाचलेल्या पोराला खुर्चीवर बसवून डोंगऱ्यादेव म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला लावणं, याला प्रशासन म्हणतात. पोरगा घाबरून गप्प बसतो. खुर्ची नसती आणि पावरी वाजली असती तर त्यानं उत्तर पायांनी दिलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की ही चाचणी म्हणजे अखेरचा निकष नव्हे. निकाल दिल्लीहून निघाला आहे. घाट चढायला वेळ लागतो.

समांतर आरक्षणाचं प्रकरण त्याहून रंगतदार. प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के, भूकंपग्रस्तांना दोन टक्के. भूकंप म्हणजे प्रामुख्यानं १९९३ चा किल्लारीचा, ज्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेली पोरं आज त्याच्या नावानं अर्ज करतात. ज्यांच्या घरातली माणसं खरोखर ढिगाऱ्याखाली गेली त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण मध्यंतरी राज्यात असे बनावट दाखलेही सापडले, म्हणजे पोलिसात जाण्यासाठी आधी गुन्हा करायचा. अनुभव म्हणून गुण द्यायला हरकत नव्हती. आमच्या तालुक्यातल्या दळवट भागालाही अधूनमधून धक्के बसतात. भांडी वाजतात, माणसं घराबाहेर झोपतात, नाशिकच्या 'मेरी' या संशोधन संस्थेतल्या यंत्रावर रेघ उमटते. परंतु हे धक्के सौम्य, दाखला मिळण्याच्या पात्रतेचे नाहीत. चणकापूरचं धरणही आमच्याच तालुक्यात. पाणी खाली मालेगावपर्यंत जातं. पण ते इंग्रजांच्या काळातलं, त्याचा प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला काढायचा तर लंडनच्या तहसीलदाराकडे जावं लागेल.

एवढं सगळं फायलीत लावून पोरगा ग्राउंडला जातो. नाशिक ग्रामीणचं मुख्यालय आडगावला. हजेरी पहाटेची असते आणि पहाटेची एसटी नसते, म्हणून आदल्या रात्रीच निघायचं. २०२४ चं ग्राउंड १९ जूनला सुरू झालं, ऐन पावसाच्या तोंडावर. ही तारीख कोणी काढली हे कळलं नाही, पण तो शेतकऱ्याचा पोरगा नक्कीच नसावा. राज्यभर पोरं फुटपाथवर, पुलांखाली, बसस्टँडवर डोक्याखाली बॅग घेऊन झोपली. सरकारनं सांगितलं, पाऊस आला तर पुढची तारीख देऊ. पुढची तारीख देणं हे सरकारचं जुनं कौशल्य, त्यात कधी दगा होत नाही.

आत मात्र व्यवस्था चोख. उंची यंत्र मोजतं, पायात चिप बांधतात, सेकंदाचा शंभरावा भाग नोंदवतात, वर कॅमेरे असतात. छातीवर नंबर. पूर्वी हे असं नव्हतं. पुरुषांना पाच किलोमीटर धावावं लागे. जून २०१४ मध्ये मुंबईत, भर उन्हात, ते धावताना उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यातून अंतर कमी होत सोळाशेवर आलं. या राज्यात नियम बदलायला काय पडावं लागतं याची ती नोंद आहे, आणि तिथे विनोद करायला मला काही सुचत नाही.

गोळ्याचं एक सांगतो. आमच्याकडची पोरं पन्नास किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेऊन ट्रॉलीवर चढवतात, दिवसाला कितीतरी. त्यांना वाटतं, सात किलोचा गोळा म्हणजे लिंबू. आणि गोळा पाच मीटरवर पडतो. कारण शेतात वजन उचलून नीट ठेवायला शिकवलेलं असतं, ते लांब फेकून द्यायचं असतं हे सरकारी नोकरीला लागताना प्रथम कळतं.

ग्राउंड पार झालं तर पेपर. २०१९ मध्ये ठरलं होतं की आधी पेपर, मग ग्राउंड. २०२२ मध्ये ठरलं की आधी ग्राउंड, मग पेपर. दोन्ही वेळा निर्णय उमेदवारांच्या हितासाठी होता. अकॅडमीवाल्यांनी बॅनर उलटे लावले आणि तेवढ्यावर निभावलं. पेपर शंभर गुणांचा, दीड तासाचा, एका जागेला दहाजण बोलावतात. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. व्याकरणाचं कारण मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. सदर इसम हा सदर ठिकाणी सदर वेळी संशयास्पदरीत्या मिळून आल्याने, अशी वाक्यं लिहिणाऱ्या खात्यात प्रवेशासाठी बहुव्रीही समास कशाला? बहुधा शेवटचा म्हणून विचारत असावेत. चालू घडामोडींची गंमत निराळी. २०१९ पासून तयारी करणाऱ्या पोराच्या वहीत मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि त्यांचे पक्ष इतक्या वेळा खोडलेले आहेत की पान फाटलंय. त्या नोव्हेंबरात एक सरकार ऐंशी तासांत गेलं, त्याच्या नोट्स झेरॉक्सला दिल्या होत्या, त्या आणायला गेला तेव्हा अभ्यासक्रम बदलला होता.

अकॅडमी हा विषय टाळून चालणार नाही. चौकातल्या बॅनरवर लागलेल्या पोरांचे फोटो असतात, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. एकच पोरगा तीन अकॅडम्यांच्या बॅनरवर हसताना दिसतो. तो खरा कुठे शिकला? बहुतेक स्वतःच्या घरी. त्याउलट सरकारनं आदिवासी उमेदवारांसाठी कळवणलाच मार्गदर्शन केंद्र चालवलं आहे. साडेतीन महिने फुकट शिकवणी, पुस्तकांचा संच आणि महिन्याला हजार रुपये विद्यावेतन. बॅनर नाही. म्हणून लोकांना वाटतं, फुकट आहे म्हणजे काहीतरी कमी असणार. अकॅडमीत मात्र फी भरून तेच पुस्तक मिळतं, शिट्टी जास्त.

आणि समजा लागला. एकवीस हजार सातशेचं मूळ वेतन, नऊ महिन्यांचं प्रशिक्षण, गावात मिरवणूक, डीजे, जेसीबीतून गुलाल. पूर्वी विचारतही नव्हते ते पाहुणे मुलगी घेऊन दारात. मग पहिली नेमणूक चैत्रोत्सवाच्या बंदोबस्ताला, गडावर, दोरी धरून. २०२७ ला नाशिकचा सिंहस्थ आहेच. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मीटर धावणाऱ्या, साडेअकरात शंभर काढणाऱ्या, गोळा आभाळात भिरकावणाऱ्या या पोराला खातं पुढची तीस वर्षं एका जागी उभं करून ठेवणार. मंत्र्यांचा ताफा त्याच्यासमोरून जाईल, तोही थांबणार नाही. वेग कोणाचा मोजायचा हे खात्याला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक आहे.

न लागलेल्यांचं काय होतं? त्यांचं वय होतं. खुल्याला अठ्ठावीस, मागासवर्गीयाला तेहतीस. जाहिरात दरवर्षी निघाली तर वय पोराचं, दोन वर्षं निघाली नाही तरी वय पोराचंच. जाहिरातीचं वय कोणी मोजत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं १५,६३१ पदांच्या भरतीला मान्यता दिली, तेव्हा २०२२ आणि २०२३ मध्ये वय ओलांडून गेलेल्यांना 'एक वेळची विशेष बाब' म्हणून पुन्हा बसू दिलं. चांगलं केलं. कट्ट्यावर पेढे वाटले गेले. तिशीला आलेला एकजण म्हणाला, "दादा, गुडघा मागची भरती मागतो, सरकार पुढची देतं."

म्हणून शासनाला एक नम्र सूचना. चिपा आहेत, कॅमेरे आहेत, यंत्रं आहेत, ती पावसाळ्यात उगाच गंजतात. तर प्रत्येक फायलीच्या पायात एक चिप बांधावी आणि तिला चेस्ट नंबर द्यावा. मंत्रालयातल्या सहाव्या मजल्यावरून ती कळवणच्या सेतूपर्यंत किती वेळात येते ते शंभराव्या सेकंदापर्यंत नाही, शंभराव्या दिवसापर्यंत नोंदवावं. टेबलांची उंची आणि साहेबांची न फुगवता छाती मोजायला हरकत नाही, फुगवून मोजायची गरज पडणार नाही. पन्नासपैकी पंचवीसच्या खाली आलं की बाद, अपील नाशिकला. धावण्यात हे लोक मागे पडतील अशी भीती आहे. पण गोळाफेकीत पंधरापैकी पंधरा ठरलेले, आपल्या टेबलावरचं दुसऱ्याच्या टेबलावर फेकण्याचा सराव रोज साडेदहा ते सहा चालू असतो, मधली जेवणाची सुट्टी सोडून.