सेक्टर 39 मधला ससा

आमचा भाचा टेक्ससमध्ये राहतो आणि रात्री मांजरं बोलावतो. दिवसा तो कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शनिवार आला की शेजारच्या मित्राबरोबर कुणाच्या तरी रानात जाऊन अंधारात बसतो. बरोबर एक भोंगा असतो. त्यातून घायाळ सशाचा आक्रोश निघतो. तो ऐकून बॉबकॅट नावाचं आखूड शेपटीचं रानमांजर आयतं जेवण मिळणार म्हणून दबकत येतं आणि मित्राच्या बंदुकीसमोर उभं राहतं. तिकडे या मांजराला बंद हंगाम नाही. लायसन काढलं की बारा महिने मोकळीक. भाचा स्वतः बंदुकीला हात लावत नाही, नुसता भोंगा धरतो. आमच्या घराण्याचं शौर्य साधारण तिथवरच जातं.

त्याने मला व्हिडिओ पाठवला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

त्याला कारण होतं. मी चंडीगडच्या सेक्टर 39 मध्ये भाड्याने राहतो. इथे धान्यबाजार आहे. एप्रिलमध्ये गव्हाच्या ट्रॉल्या येतात, पोती भरताना दाणे सांडतात, दाण्यांमागे उंदीर येतात. आणि एका संध्याकाळी स्कूटरवरून येताना बाजाराच्या कुंपणाशी मला बाऊल, म्हणजे आपल्याकडचं रानमांजर, दिसलं होतं. पाळीव मांजराहून उंच, पाय लांब, शेपूट तोकडी, तिच्या टोकाला काळी वळी, कानांच्या शेंड्यांवर काळ्या केसांचे बारीक झुपके. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी दखल घेण्याजोगा नाही हे ओळखलं आणि सावकाश गवतात शिरलं. सरिस्काच्या जंगलात झालेल्या एका अभ्यासात बाऊल दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं असं दिसलं. त्या हिशोबाने धान्यबाजाराशेजारी राहणं हा त्याचा निर्णय माझ्या घर निवडण्याच्या निर्णयापेक्षा कितीतरी विचारपूर्वक घेतलेला होता.

ऑफिसात सांगितलं तर कुणी मान वर केली नाही. "बिल्ली होगी, सर." म्हणजे फोटो काढणं आलं.

सौभाग्यवतींना बेत सांगितला. तिची एक सवय वाईट आहे, ती कायदे मुळातून वाचते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 तिने ताटावर बसूनच मोबाइलवर उघडला. "अहो, शिकारीची व्याख्या ऐका. मारणं, पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं. आणि यांतलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, तीही शिकारच." मी म्हटलं, माझ्याकडे मांस नाही, बंदूक नाही, नुसता आवाज आहे. आवाजाला आमिष म्हणायचं का, यावर जेवणभर खल झाला आणि निकाल लागायच्या आत भात संपला. मी तो निकाल माझ्या बाजूने लागला असं धरलं.

भाच्याकडून शिकवणी घेतली. कोयोट नावाचा तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी धावत येतो, मांजर नाही. मांजर अर्धा अर्धा तास लावतं. वाटेत बसतं, ऐकतं, पुन्हा चार पावलं टाकतं. आवाज थोडा वेळ द्यायचा, मग गप्प राहायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. उजेड लाल वापरायचा, तो जनावराला कमी जाणवतो म्हणे. आणि भोंगा नसेल तर हाताच्या पाठीवर ओठ घट्ट दाबून हवा आत ओढायची, उंदराच्या चिरचिरीसारखा आवाज निघतो. हा शेवटचा प्रकार मी गच्चीवर मन लावून करून बघत असताना सौभाग्यवती वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. स्वतःच्या हाताचे मुके घेणाऱ्या नवऱ्याकडे तिने थोडा वेळ पाहिलं आणि कपडे तसेच टाकून ती खाली गेली.

खरं तर मांजराच्या कानांपुढे हे सगळं किरकोळच. आपल्याला फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला 60 हजारांच्याही वरचं. खरा उंदीर ज्या पट्टीत किंचाळतो तिचा बराचसा भाग आपल्या कानांपर्यंत आणि आपल्या स्पीकरांपर्यंत पोचतच नाही. पण मी ज्या भरात होतो त्या भरात माणूस हर्ट्झ मोजत नाही. मला जिम कॉर्बेट आठवत होता. ठाकची नरभक्षक वाघीण त्याने 30 नोव्हेंबर 1938 च्या संध्याकाळी वाघाच्या आवाजात साद घालून समोर आणली होती. माझाही महिना नोव्हेंबरच होता. साम्य तिथे संपत होतं, पण मला तेवढं पुरलं.

सामग्री जमवली. सेक्टर 22 च्या बाजारातून लाल जिलेटिन कागद आणला, तो टॉर्चला रबरबँडने बांधला. माकडटोपी घातली. स्पीकर घरातलाच, ज्याच्यावर गणपतीत आरत्या लागतात तो. सशाचा आक्रोश फोनवर उतरवून घेतला. घरमालक सरदारजी, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सांगितलं की रात्रीच्या पक्ष्यांचा अभ्यास करतोय. ते म्हणाले, "करो जी, करो. पढाई अच्छी चीज है."

मध्यरात्रीनंतर मी गच्चीच्या कठड्याशी बसलो आणि ससा सुरू केला.

हा आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगतो. जन्मभर मुका राहिलेला ससा मरताना अगदी तान्ह्या मुलासारखा ओरडतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण खोलीत बारीक आवाजात ऐकणं वेगळं आणि थंडीच्या रात्री, तीन बाजूंनी भिंती असलेल्या मागच्या गल्लीत तो घुमताना ऐकणं वेगळं. मी स्वतःच दचकलो. बंद करायला गेलो तर हातमोज्याने फोनचा पडदा चालेना.

पहिले आले कुत्रे. कोपऱ्यावरच्या टोळीला बाजाराकडची टोळी येऊन मिळाली आणि सगळे गच्चीखाली उभे राहून वर बघत भुंकू लागले. मग पाण्याच्या टाकीवर काहीतरी पांढरं उतरलं. गव्हाणी घुबड! सशाच्या हाकेला ते येतं हे भाच्याने सांगितलं नव्हतं. त्याने पानाच्या आकाराचा तो चेहरा एकदा स्पीकरकडे वळवला, एकदा माझ्याकडे, आणि निघून गेलं. त्या रात्री कॅमेऱ्याची पिशवी उघडायला हवी होती ती एवढ्यासाठीच. तेव्हा मी दातांनी हातमोजा ओढत होतो.

समोरच्या घरात दिवे लागले. मी टॉर्च विझवायला गेलो, तो माझ्याच तोंडावर लागला. समोरच्या आंटींनी जे पाहिलं ते असं : अंधारी गच्ची, किंचाळणारं मूल, आणि त्याच्यावर वाकलेलं लाल उजेडातलं माकडटोपीवालं डोकं. त्यांनी 112 लावला, यात त्यांची काहीच चूक नव्हती. मीही लावला असता.

ससा एकदाचा थांबला. गल्लीत शांतता पसरली. आणि तेवढ्यात फोन वाजला. स्पीकर फोनला जोडलेलाच होता आणि हातमोजा निघालेला नव्हता, तेव्हा कसा उचलला गेला ते देवाला ठाऊक. टेक्ससमध्ये दुपार होती. भाचा जेवून खुशीत होता. त्याचा आवाज आरतीच्या पट्टीत अख्ख्या गल्लीवर पसरला : "काय मामा, आलं का? गोळी नको घालूस हां!"

मराठी आमच्या गल्लीत कुणाला येत नाही. पण 'गोळी' कळायला मराठी लागत नाही. सुभेदारसाहेब जिन्यावरून काठी घेऊन ज्या वेगाने वर आले, तो वेग पेन्शनीतल्या माणसाचा नव्हता. पाठोपाठ चौकीदार, त्याच्या पाठोपाठ गस्तीच्या गाडीतले दोन पोलीस.

"बच्चा कित्थे है?"

"बच्चा नहीं है जी, खरगोश है."

"खरगोश कित्थे है?"

"खरगोश भी नहीं है."

मोठ्या पोलिसाने टोपी काढून पुन्हा घातली. "फिर चीख कौन रहा था?"

मी स्पीकर दाखवला. त्यांनी वाजवून दाखवायला सांगितलं. वाजवला. खाली कुत्र्यांनी पुन्हा सुरुवात केली, समोरच्या आंटी पुन्हा किंचाळल्या, आणि धाकटा पोलीस भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभा राहिला. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, हे मला समजावण्यात आलं. शेवटी मोठ्या पोलिसाने विचारलं, "और बिल्ली? आई?"

"नहीं आई."

"समझदार है," तो म्हणाला आणि जिना उतरला.

सुभेदारसाहेब जाता जाता एवढंच म्हणाले की मराठे पानिपतपर्यंत आले होते हे त्यांनी शाळेत वाचलं होतं, पण असे आले असतील असं वाटलं नव्हतं.

सगळे पांगल्यावर चौकीदार मागे राहिला. त्याने बिडी पेटवली आणि म्हणाला, जंगली बिल्ला ना? तो रोज पहाटे बाजाराच्या भिंतीलगत जातो. कधीपासून? बरीच वर्षं. मग सांगितलं का नाहीस? "आपने पूछा कब?" पुढच्या काही पहाटे मी त्या भिंतीपाशी आवाज न करता उभा राहिलो. बाऊल नाही, कुत्रेच होते. सशाच्या आशेने त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला होता. रानमांजरांना गावकुत्र्यांचा जाच मोठा असतो, ते पाठलाग करतात, रोग देतात, आणि इथे ती टोळी मी माझ्या खर्चाने जमवून दिली होती. फोटोसाठी आवाज वाजवू नये असं जाणते लोक का म्हणतात, हे मला अशा रीतीने, पोलीस बंदोबस्तात कळलं.

हे सगळं नारायणगावच्या काकांना फोनवर सांगितलं. काका ऊस लावतात. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "अरे, मांजरीला बोलवायला ससा कशाला पाहिजे?" त्यांच्या भागात ऊसतोडीत बाऊलाची नाहीतर वाघाटीची पिल्लं सापडतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक. पिल्लं दिसली की गावात बिबट्याची बोंब उठते आणि पोरं सेल्फी काढायला धावतात. मग वनखात्याची माणसं येतात, जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या सुमारास ती खोक्यात घालून सापडली तिथेच परत ठेवतात. पिल्लं ओरडतात, आई कुठेतरी जवळच्या सरीत बसून ऐकत असते. माणसं लांब गेली की ती येते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते.

तेव्हा ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्लं दिसली तर ती उचलू नका, घरी नेऊन दूध पाजू नका. तेवढ्या सऱ्या तोडायच्या ठेवा, कुत्रे बांधा, जमलेल्या माणसांना घरी पाठवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.