नवखेपणाचं भाडं

मुंबईला पहिल्यांदा एकट्याने निघालेल्या माणसाला घरून जो उपदेश मिळतो, त्याचं सार एवढंच: नवखा दिसू नकोस. पाकीट पुढच्या खिशात ठेव, उंच इमारतींकडे बघत चालू नकोस आणि टॅक्सीत बसलास की रोज बसतोस असा बस. हे सांगणारे काका स्वतः मुंबईच्या टॅक्सीत शेवटचे बसले, तेव्हा मीटर गाडीच्या बाहेर होतं, ड्रायव्हर हात बाहेर काढून ते पाडायचा आणि मीटरवरच्या आकड्याचे खरे रुपये किती, ते त्याच्याकडच्या कार्डावर कळायचं. ती प्रीमियर पद्मिनीही गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. काकांच्या सल्ल्याचं पासिंग मात्र दरवर्षी होतच असतं.

तर सराईत दिसायचं. त्यासाठी आपला माणूस दादरला उतरतो, स्टेशनबाहेर येतो आणि अगदी सराईतपणे रिक्षाला हात करायला उभा राहतो. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि विचारायचं तर नवखेपण उघडं पडतं. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याची बॅग उचलतो. ‘टॅक्सी ना? चला.’ उचलणारा ड्रायव्हर नसतो, गाडी समोर नसते आणि भाडं ‘तुम्ही काय द्याल ते’ असतं. गाडी सापडते दोन गल्ल्या सोडून, पांढऱ्या पाटीची. पिवळ्या पाटीवर काळे आकडे, किंवा गाडी विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे आकडे दिसले नाहीत, तर ती टॅक्सी नव्हे. कुणाच्या तरी मेहुण्याची रिकामी पडलेली गाडी आहे. मोठ्या स्टेशनांवर आणि विमानतळावर प्रीपेडची खिडकी असते. तिथे पैसे भरायचे, पावती घ्यायची, पावतीवरचा नंबर बघून बसायचं. पण तिथे रांग असते. आणि रांगेत उभं राहणं सराईत माणसाला शोभत नाही.

आता काळी-पिवळी. पहिला प्रश्न भाषेचा. आपला माणूस खिडकीत वाकून म्हणतो, ‘भैया, वो शिवाजी पार्क के पलीकडे जाना है.’ ड्रायव्हर म्हणतो, ‘पलीकडे म्हणजे कुठं? कॅडल रोडला का?’ इथे संभाषण मराठीत यायला हरकत नसते. पण एकदा हिंदीत शिरलेला मराठी माणूस माघार घेत नाही. ‘हाँ हाँ, उधरच,’ तो म्हणतो. ड्रायव्हर क्षितिजाकडे बघतो आणि सीएनजी भरायचाय म्हणून निघून जातो. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, सीएनजी भरणं नाही. अस्सल मुंबईकर म्हणूनच आधी दार उघडतो, बसतो, बॅग मांडीवर घेतो आणि मग ठिकाण सांगतो. मांड ठोकून बसलेल्या माणसाला उतरवायला जास्त धीर लागतो.

याहून अवघड पेपर विमानतळाचा. ड्रायव्हर विचारतो, ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ आपल्याला जायचं असतं नागपूरला. नागपूर भारतात आहे, याबद्दल आपल्या मनात शंका नसते. आपण छातीठोकपणे ‘डोमेस्टिक’ म्हणतो आणि सांताक्रूझच्या टर्मिनल एकला उतरतो. विमान असतं सहारच्या टर्मिनल दोनवरून, कारण देशांतर्गत विमानंही तिथून सुटतात. ड्रायव्हरची चूक नाही. आता तर उलव्याकडे नवी मुंबईचा विमानतळही झालाय. तिकिटावर काय छापलंय ते वाचून दाखवावं, यात कमीपणा नाही; पण वाचत बसलं की चेहऱ्यावरचा आत्मविश्वास सुटतो, आणि तो तर घरून इस्त्री करून आणलेला असतो.

गाडी सुटल्यावर आतले वाटाडे तीन. मोबाइलमधली बाई, गाडी चालवणारा माणूस आणि फोनवरची आत्या. बाई म्हणते उजवीकडे, माणूस म्हणतो तिकडे खोदलंय, आणि आत्याच्या सगळ्या खुणा बंद पडलेल्या टॉकीजच्या. यात वर्षानुवर्षं तोच रस्ता तुडवणारा एकच जण असतो आणि संशय त्याच्यावरच असतो.

या सगळ्या नाटकात भाग न घेणारी एक व्यक्ती घरात असते: नोकरीसाठी परगावी राहिलेली भाची. ती चेहऱ्यावर काही आणत नाही. बसण्याआधी पाटीचा फोटो काढते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. अॅपची गाडी असेल तर ‘कुणासाठी आलात?’ असं विचारते, आपलं नाव आधी सांगत नाही; नंबर जुळल्याशिवाय ओटीपी देत नाही. मागे बसते, आतून दार उघडतं का ते बघते, ११२ ची तजवीज ठेवते. तिच्या पाटीच्या फोटोखाली काका गुलाबाचं फूल टाकतात.

मीटरची गोष्टही काही गूढ राहिलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीपासून काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, मध्यरात्री बारा ते पाच सव्वापट. मीटर हल्ली थेट रुपयेच दाखवतं. तरीही आपला माणूस उतरताना मीटर, मोबाइल आणि ड्रायव्हरचा चेहरा तिन्ही ताडून बघतो. १४७ झालेले असतात. दीडशे रुपये देऊन तो फूटपाथवर उभा राहतो, तीन रुपयांसाठी. हक्काचे आहेत, सोडायचे का?

हाच माणूस संध्याकाळी पाऊस लागला की अॅप उघडतो. सकाळच्याच रस्त्याचे तीनशे दिसतात. तो कुणाशीही भांडत नाही. मागणी वाढली की भाव वाढतो, असं अर्थशास्त्र तो बायकोला समजावून सांगतो. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत होती, २०२५ च्या तत्त्वांत दुपटीपर्यंत गेली. यावर फूटपाथवर उभं राहिलेलं कुणी दिसलं नाही. मध्यंतरी तर गाडी लवकर हवी असेल तर टीप आधीच द्या, अशीही सोय निघाली आणि २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यावर नोटीस काढावी लागली. गाडी दिसण्याआधी खूश होऊन बक्षिशी देणारं गिऱ्हाईक टॅक्सीच्या इतिहासात पूर्वी झालं नव्हतं. पडद्याला तोंड नसतं, म्हणून त्याच्याशी तोंड लागत नाही. बिल्ला लावलेल्या माणसाला असतं, म्हणून लबाड तोच.

पडदाही आपल्याकडे बघत असतो, हे मात्र पुष्कळांना उशिरा कळतं. आपण ड्रायव्हरला तारे देतो तसे ड्रायव्हरही आपल्याला देतो आणि आपली सरासरी अॅपमध्ये टिपलेली असते. आमच्या एका पुणेकर मित्राची ४.१ निघाली. जन्मात कधी डिस्टिंक्शन सोडलं नव्हतं त्याने. सध्या तो पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कुठे मिळतो, ते शोधतोय.