खोड सांगून

"आण्णा, आता नुसता गूळ विकून भागत न्हाई. गोष्ट विकाय लागती," पुतण्या म्हणाला.

"गोष्ट फुकट देऊ आणि पैसे गुळाचे घेऊ. चालंल काय?"

"चालंल की. त्यालाच कंटेंट म्हणत्यात."

अशा रीतीनं हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला मी आमच्या घरच्या गुऱ्हाळाचा कंटेंट रायटर झालो. पगार नाही. मोबदला म्हणून रोज कपभर रस, तोही साखर तपासून मग.

आता पेठ वडगाव हे नाव कमवायला तसं अवघड गाव. इथं आधीच फार मोठं नाव विसावलंय. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्या गावात आहे. संताजी-धनाजींचा धाक असा, की मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीनात; पाण्यातही त्यांना हेच दोघे दिसायचे, अशी आख्यायिका. मी पुतण्याला म्हटलं, "ब्रँड म्हणतात तो हा. ना पेज, ना पोस्ट, आणि घोड्यांनासुद्धा ओळख."

"खरं हाय," तो म्हणाला, "पण त्यातल्या एका तरी घोड्यानं ऑर्डर दिली काय?"

धंद्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाशी इतिहासावर वाद घालू नये.

मी गप्प बसून शब्दकोश काढला. मास्तरची खोड. ब्रँड या शब्दाचं मूळ निघालं जाळण्यात, चटका देण्यात. जनावर कुणाचं ते कळावं म्हणून तापल्या लोखंडानं त्याच्या अंगावर उठवायची ती खूण. थोडक्यात, डाग. मला गंमत वाटली. त्यांच्याकडे डाग लागला की नाव होतं, आपल्याकडे डाग लागला की नाव जातं. हे मी पहिली पोस्ट म्हणून लिहून दिलं. पुतण्यानं ते वाचलं आणि त्याऐवजी गुऱ्हाळाच्या धुराड्यामागं मावळणाऱ्या सूर्याचा फोटो टाकला.

मग रील. चुलवाणावर काहील रटरटतेय, वाफेनं कॅमेऱ्याची काच सारखी धुरकट होतेय आणि पुतण्या आमच्या गुळव्याला सांगतोय, "मामा, जरा हसा की." मामा कशाला हसतोय! पाक ११८ अंशाच्या आसपास गेला की उतरायचा असतो, आणि मामाकडे थर्मामीटर नाही. गार पाण्यात थेंब टाकून तो बोटांनी गोळी बघतो. "मी हसलो तर पाक हसंल," एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. ती पाठच रीलमध्ये गेली. खाली लिहिलं होतं, 'परंपरेचा चेहरा'.

नावाच्या बाबतीत खरं तर आम्ही वडिलोपार्जित श्रीमंत. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला आणि कोल्हापुरी गूळ देशभर गेला. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वडिलोपार्जित श्रीमंतीचं जे होतं तेच झालं, वाटेकरी फार. कुठलाही गूळ कोल्हापुरी म्हणून खपतो. चपलेचं बघा. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या पोरांच्या पायात तिच्यासारखीच चप्पल दिसली. चप्पल आली, कोल्हापूर आलं नाही. मग मोबाईलवर असा कालवा उठला, की त्या चपलेची प्रेरणा भारतातली हे कंपनीला पत्रात कबूल करावं लागलं. पुतण्या म्हणाला, "बघा सोशल मीडियाची ताकद." मी म्हटलं, "बघितली. पण चप्पल आधी शंभर वर्षं टिकली, म्हणून तर तिच्यासाठी भांडाय माणसं आली."

पहिली ऑर्डर पुण्याहून आली. दहा किलो. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. चौथ्या दिवशी बाईंचा फोन. "काका, फोटोत गूळ सोन्यासारखा पिवळाधमक होता. आलाय तो चॉकलेटी. बदलून पाठवलात का?"

मी पुतण्याकडे बघितलं. पुतण्यानं मोबाईलकडे बघितलं. त्यानं फोटोला फिल्टर लावला होता.

त्या दिवशी मला कळलं, की फिल्टर आम्हा गुऱ्हाळवाल्यांना नवा नाही. त्याला आमच्यात हायड्रोस म्हणतात. काहिलीत ही पावडर पडली, की गूळ पिवळाजर्द होतो आणि बाजारात त्याला भाव येतो. आमच्याकडे भेंडीच्या झाडाच्या चिकट पाण्यानं मळी काढतात. त्यानं गूळ साफ होतो, गोरा होत नाही. म्हणजे आम्ही काहिलीत न घातलेली लबाडी पुतण्यानं फोटोत घातली होती. घरचा गूळ प्रामाणिक आणि फोटो भेसळीचा, अशी अवस्था.

मला वडील आठवले. शाळेत असताना त्यांच्यासंगं वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलो होतो. तिथला सौदा बोलून होत नसे. हेडी आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटांची दाबादाबी करून आकडा ठरायचा. चेहरे मात्र कीर्तनाला बसल्यासारखे. (हल्ली लोक 'किंमत इनबॉक्समध्ये विचारा' असं लिहितात, तेव्हा मला तो टॉवेल दिसतो.) वडिलांनी दात बघितले, खूर बघितले, पाठीवरनं हात फिरवला. तेवढ्यात हेडी आपणहून म्हणाला, "पाटील, बैल सोन्याचा हाय. पर डाव्या अंगानं गेलासा तर लाथ मारतोय."

वडिलांनी फारशी घासाघीस न करता तो बैल घेतला. वाटेत मी विचारलं, "लाथ मारणारा बैल कशाला घेतला?"

"लाथ समदीच मारत्यात," वडील म्हणाले. "ह्यानं कुठल्या पायानं ते सांगितलं."

तो बैल आमच्याकडे अकरा वर्षं होता. लाथा मारल्या, पण आम्ही त्याच्याबद्दल कधी हेड्याला शिव्या दिल्या नाहीत. खोड सांगून विकली की ती गिऱ्हाइकाची होते. लपवून विकली की जन्मभर विकणाऱ्याची राहते. शिवाय हेड्याला पुढच्या बाजाराला त्याच झाडाखाली उभं राहायचं होतं. मोबाईलमध्ये पुढचा बाजार नसतो, असं पुतण्याला वाटत होतं, एवढाच काय तो फरक.

मी त्या रात्री बसून खोडी लिहून काढल्या. 'आमचा गूळ दिसायला काळपट आहे. पावसाळ्यात पाघळतो, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. मुंग्यांना तो आपल्याइतकाच आवडतो. टनभर उसातून जेमतेम शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो, त्यामुळे स्वस्त देता येत नाही.' पुतण्यानं वाचून कपाळाला हात लावला. "आण्णा, ही जाहिरात हाय का पोलिसात दिल्याला जबाब?" पण पुण्याच्या बाईंचा फोन त्याच्या कानात अजून वाजत होता. त्यानं टाकली. तीन लाईक आले. त्यातला एक माझा, एक सौभाग्यवतींचा. तिसरा कुणाचा ते कळलं नाही, म्हणून मी त्यालाच पहिलं गिऱ्हाईक धरलं.

हळूहळू माणसं विचारू लागली. मुंग्यांवर उपाय काय, पुरणाला चालंल का, चहा फाटतोय का. (फाटतो काही वेळा. गूळ शेवटी घालावा, गॅस बंद करून. हेही लिहिलं.) विकण्यापेक्षा उत्तरंच जास्त दिली. पुतण्या म्हणाला, "ह्याला एंगेजमेंट म्हणत्यात." मी म्हटलं, "आमच्यात एंगेजमेंटनंतर लग्न लागतं."

लग्न लागायच्या आधी पाक लागला. त्या दिवशी मामाच्या घरी पाहुणे आले होते, तो घटकाभर काहिलीजवळनं हलला, जाळ जास्त झाला आणि एक आदण तळाला लागलं. तसा गूळ बाजूला काढायचा असतो. गडबडीत तो पेट्यांत भरला गेला. आठवड्यात पेजवर सगळ्यांदेखत ओळ उमटली, 'गुळाला जळका वास आहे.'

पुतण्याचं बोट कमेंट पुसायला निघालं होतं. मी मनगट धरलं. वाटलं, इथं टॉवेल नाही. हात उघडाच आहे, सगळा बाजार बघतोय. मी लिहिलं: 'बरोबर आहे. त्या दिवशी आमच्या काहिलीला पाक लागला होता. चूक आमची. त्या आदणातला गूळ ज्यांना गेला त्या सगळ्यांना दुसरा पाठवतो. जळका परत पाठवू नका, म्हशीला घाला.'

बारा घरं निघाली. बाराही घरी गूळ गेला. त्या महिन्यात नफ्याच्या रकान्यात पुतण्यानं फक्त एक उसासा लिहिला.

परवा बाजाराच्या दिवशी मिरच्या घेत उभा होतो. शेजारी एक अनोळखी माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. आता ओळखीचं निघणार म्हणून मी मास्तरकीच्या सवयीनं त्याची तुकडी आठवू लागलो. तो जवळ आला.

"तुमी ते पाक लागल्यालं आण्णा न्हवं?"

पुतण्याला जाऊन सांगितलं. तो आधी हसला, मग एकदम गप्प झाला आणि शब्दकोश मागून घेतला. लोगोसाठी नाव सापडलंय म्हणतो. गुळव्या मामानं मात्र बजावून ठेवलंय, पेटीवर त्याची पाठसुद्धा छापायची नाही.